गाणं दोघांचं, माईक एकाचाच

परवा आमच्या कुंभारीत कामगारांच्या कार्यक्रमात स्पीकरवर 'साथी हाथ बढाना' लागलं. 'नया दौर', १९५७. शब्द साहिरचे, संगीत ओपींचं. पण ते एकट्या रफीसाहेबांचं गाणं नाही, आशाताईंचंही आहे. हात द्या म्हणून बाईपण तितक्याच हक्कानं हाक मारते.

आणि स्टेजवर? मोजले, अकराच्या अकरा पुरुष. बाया खाली सतरंजीवर!

अहो, याच कुंभारीत २००६ साली गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायांची १० हजार घरं उभी राहिली. हजार विड्यांच्या हिशोबानं मजुरी घेणाऱ्या त्या बायांना पाच मिनिटं माईक देता येत नाही?

पुढच्या वेळी गाणं लावाल, तर दुसरा आवाजही ऐका. नाहीतर लावूच नका.