स्वस्त दारूचा हिशेब

शीर्षक वाचून गुरुजनांनी दचकू नये. ही दारू बाटलीतली नव्हे, बंदुकीतली आहे!

एन.सी.सी.च्या शिबिरात आम्हांला .२२ रायफलवर प्रत्येकी पाच गोळ्या मिळाल्या. झाडून झाल्यावर हवालदारसाहेबांनी रिकाम्या केसेस मोजून परत घेतल्या. या पुन्हा भरता येत नाहीत का, असे मी विचारताच ते हसले. या काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो. ठोक्याने कडा चेपली की केस निकामी. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतूस बनवणे हा गुन्हा आहे.

तरी प्रश्न डोक्यातून जाईना. पुढे वाचनात आले की, अमेरिकेत हौशी नेमबाज मोठ्या रायफलींची काडतुसे घरीच पुन्हा भरतात. त्या केसच्या बुडाशी मधोमध वेगळी टोपी असते. ती बदलायची, दारू मोजून घालायची, वर गोळी बसवायची. पितळी केस अनेकदा वापरता येते. सुटीच्या दिवशी मौजेखातर कागदी लक्ष्यावर शंभर गोळ्या झाडणाऱ्याला दारू स्वस्त हवी, हे ओघानेच आले. पण स्वस्त कशाला म्हणायचे?

डब्यावरच्या किमतीला स्वस्ताई समजणे ही पहिली चूक. एका पौंडात ७००० ग्रेन असतात. समजा, एक डबा ४० डॉलरचा असून त्यातली दारू एका काडतुसाला २८ ग्रेन लागते. काडतुसे झाली २५०, दर १६ सेंट. दुसरा डबा ४२ डॉलरचा, पण लागते २५ ग्रेन. काडतुसे २८०, दर १५ सेंट. महाग डबाच स्वस्त ठरला! अर्थशास्त्राच्या तासाला आपण शिकतो तेच हे.

दुसरी चूक याहून घातक. हलक्या सरावासाठी काहीजण मोठ्या केसमध्ये जलद जळणारी दारू थोडीशीच घालतात. पैसे वाचतात, धक्काही कमी बसतो. परंतु केस बरीचशी रिकामी राहते आणि नजरचुकीने दुसऱ्यांदा माप पडले तरी ते आत सहज मावते. मग रायफल फुटते. डोळा, हात, जीव जातो. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, हौशी माणसाने केस निम्म्याहून अधिक भरणारीच दारू निवडावी. दुप्पट माप पडले तर ती बाहेर सांडून आपणच ओरड करते. त्यापायी चार सेंट जास्त गेले तरी जाऊ द्यावेत.

तिसरी चूक, 'हिच्यासारखीच ती' म्हणून अंदाजाने बदल करणे. आयएमआर ४८३१ आणि एच ४८३१ यांचा क्रमांक एकच, पण जळण्याचा वेग निराळा. एकीचे माप दुसरीला चालत नाही. माप छापील पुस्तिकेतूनच घ्यावे. आठ पौंडांचा मोठा डबा पौंडामागे स्वस्त पडतो खरा, पण आधी एक पौंड आणून आपल्या रायफलीला ती मानवते का, ते पाहावे.

कोणी म्हणेल, तुला ना रायफल ना परवाना, मग ही उठाठेव कशाला? मित्रहो, काटकसर आपल्यापैकी पुष्कळांच्या पाचवीला पुजलेली आहे. आम्ही ती अभिमानाने मिरवतो. पण ती कुठे थांबवायची, हे फार थोड्यांना कळते. माझी आई शाळेत गेलेली नाही. फोडणीला ती तेल थेंब मोजून घालते. पण गॅसची नळी कधी रस्त्यावरची स्वस्तातली घेत नाही. जिथे चूक सुधारायला दुसरी संधी नसते, तिथे ती पैशाकडे पाहत नाही.

दारूचा हिशेबही याहून वेगळा नाही. पैसे वाचवावेत ते मोजमापात; सावधगिरीत नव्हे.

— द्वितीय वर्ष, कला