एक किल्ली, अनेक हात

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या कमिटीने काही वर्षांपूर्वी एक जुना संगणक मिळवला. चाळीतल्याच एका इंजिनिअरने त्यावर फुकट मिणारी लिनक्स प्रणाली घालून दिली. गणेशोत्सवाची वर्गणी, पाण्याच्या बिलाची वाटणी, नाटकाच्या तालमींची हजेरी, सारे त्यावर चढले. परवलीचा शब्द मात्र सगळ्यांना मिळून एकच आणि तोही पडद्याच्या कडेला कागदावर चिकटवलेला. चाळीत कसली आली गुपिते, हा आमचा बाणा!

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी वर्गणीची फाइल गायब झाली. संगणकाच्या नोंदींत नाव एकच, 'रूट'. आणि रूट म्हणजे तर आम्ही सगळेच. संशय गेला एका कॉलेजात जाणाऱ्या मुलावर. का, तर रात्री उशिरापर्यंत तोच तिथे बसायचा. पावतीपुस्तकांवरून हिशेब आठ दिवसांत पुन्हा उभा राहिला. मुलगा मात्र कमिटीच्या खोलीत पुन्हा फिरकला नाही.

एका यंत्रावर अनेकांनी बसायचे, तर कोणाचे काय हे कसे ठरवायचे? हा प्रश्न आपल्या चाळीत जन्मलेला नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीत एकच मोठा संगणक अनेकजण वाटून वापरू लागले, तेव्हाच प्रत्येकाला परवलीचा शब्द द्यावा लागला. १९६९मध्ये बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलेल्या युनिक्सने ही व्यवस्था पुढे नेली, आणि १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतले तेही त्याच धर्तीवर. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या काळात विद्यार्थी जे स्वस्तातले 'शेल' खाते घेत, ते अशाच एका यंत्रावरचे खाते असे. म्हणजे ही गोष्ट मुंबईकराला अगदीच परकी नाही.

व्यवस्था तशी साधी आहे. प्रत्येक फाइलला एक मालक असतो, एक गट असतो, आणि उरलेले ते 'इतर'. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. खजिनदाराच्या फाइलला ६४० लावले, की तो वाचू-लिहू शकतो, हिशेब समितीचा गट नुसता वाचू शकतो, इतरांना ती उघडताही येत नाही. मात्र पुसण्याचा अधिकार फाइलवर नसतो, ती ज्या कप्प्यात ठेवली त्या कप्प्यावर असतो. कप्पा सताड उघडा ठेवून आतल्या वहीला कुलूप लावण्यात अर्थ नाही.

आणि रूट? त्याला कोणतीच आडकाठी नाही. म्हणूनच रोजच्या कामाला रूट होऊन बसू नये. 'सुडो' ही सोय त्यासाठीच आहे: माणूस आपल्याच नावाने बसतो, गरजेपुरता तो अधिकार उसना घेतो, आणि तो कोणी, केव्हा घेतला याची नोंद राहते.

चाळीतून माणूस गेला की काय करायचे, हाही प्रश्न आहेच. संगणक माणसाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखतो. खोली क्रमांक १७मध्ये नवे बिऱ्हाड आले तरी पोस्टमन जुन्याची पत्रे तिथेच टाकतो, तसेच इथे होते. जुने खाते पुसून तोच क्रमांक नव्याला दिला, तर जुन्याच्या मागे राहिलेल्या फाइली आपोआप नव्याच्या मालकीच्या होतात. म्हणून आधी खाते बंद करावे, फाइली योग्य माणसाकडे सोपवाव्यात आणि मगच खाते काढावे.

'म्हणजे आता शेजाऱ्यावरही विश्वास नाही?' असे आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले होते. प्रश्न मनापासूनचा होता. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून गावी जाणारी आमची पिढी. पण त्या वेळी किल्ली कोणाकडे आहे हे ठाऊक असे! सगळ्यांकडेच किल्ली असली की विश्वास उरत नाही, उरते ती कुजबुज. त्या रात्री प्रत्येकाचे खाते वेगळे असते, तर कोण केव्हा बसले होते एवढे तरी कळले असते. आणि ज्यांना त्या कप्प्यात हात घालण्याचा अधिकारच नाही, ते सगळे संशयातून सुटले असते. तो मुलगाही त्यांतलाच एक. वेगळे खाते हा अविश्वास नव्हे. निर्दोष माणसाला आपले निर्दोषपण सिद्ध करण्याची ती एकमेव सोय आहे.

लालबागच्या मंडळांत, दादरच्या वाचनालयांत, परळच्या पतपेढ्यांत आजही कुठे एका परवलीच्या शब्दावर कारभार चालत असेल, तर त्यांनी एवढे करावेच. आमच्याकडे खाती वेगळी करायला एक संध्याकाळ पुरली. त्या मुलाच्या घरी जाऊन माफी मागायला मात्र आम्हाला दोन वर्षे लागली.