कोरणाऱ्याचं नाव कुठे आहे?

हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये डोकावा, भिंतीवर एखादा तरी नट नाहीतर क्रिकेटर चिकटवलेला असतोच. हा शौक नवा नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी जपानमधल्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, लोक काबुकी नाटकांतल्या आपल्या लाडक्या नटांची रंगीत चित्रं विकत घेत. ही चित्रं हाताने रंगवलेली नसत, तर लाकडी ठशांवरून छापलेली असत. त्यामुळे ती साध्या माणसाच्या खिशालाही परवडत.

यातलं आज सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे शाराकू. १७९४ साली तो अचानक उगवला, दहाएक महिन्यांत एकशे चाळीसच्या वर चित्रं त्याच्या नावावर निघाली आणि १७९५ च्या सुरुवातीला गायब! ओतानी ओनिजी या नटाचं त्याने काढलेलं चित्र एकदा बघाच. गुंड नोकराची भूमिका, ताणलेले डोळे, घट्ट मिटलेले ओठ आणि छातीपाशी पंजांसारखे पुढे आलेले दोन हात. हा शाराकू नक्की कोण, यावर अभ्यासकांनी पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली. तो साइतो जुरोबेइ नावाचा 'नो' नाटकातला नट असावा, असं आज बरेच जण मानतात.

माझा प्रश्न वेगळा आहे. त्या ओनिजीचे केस कोरले कोणी?

कारण चित्रकाराचं काम कागदावर संपायचं. त्याने पातळ कागदावर काढलेलं रेखाचित्र चेरीच्या फळीवर उलटं चिकटवायचं आणि कागदासकट लाकूड कोरायचं. म्हणजे मूळ चित्र तिथेच खलास! मग रंगांसाठी वेगळे ठसे. सगळे रंग जागच्या जागी बसावेत म्हणून प्रत्येक ठशावर 'केन्तो' नावाच्या दोन खुणा, एक कोपऱ्यात काटकोनी आणि दुसरी कडेला सरळ. ओलसर कागद त्या खुणांना टेकवायचा आणि 'बारेन' नावाच्या चपट्या गोल गादीने मागून घासायचा. प्रेस नाही, मशीन नाही. दमटपणा बदलला की कागदही हलतो आणि लाकूडही. तरी रंग रेषेबाहेर जाऊ द्यायचा नाही. वर्कशॉपमध्ये मेल-फीमेल फिटिंग करताना ज्यांना घाम फुटलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि चित्रावर नावं कोणाची? शाराकूची सही आणि प्रकाशक त्सुताया जुझाबुरोचा शिक्का. कोरणारा आणि छापणारा बेपत्ता.

कोणी म्हणेल, डोकं चित्रकाराचं, बाकीचे नुसते हात. साफ चूक! केसांच्या कडा चित्रकार बऱ्याचदा ढोबळच दाखवायचा. त्यातला एकेक केस सोडवायचा तो कोरणाऱ्याने. म्हणून चेहरा आणि केस मुरलेल्या कारागिराकडे, बाकीचं काम शिकाऊंकडे, अशी वाटणी असे. हे हात नव्हेत, हेही डोकंच आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकात काही चित्रांवर कोरणाऱ्याचाही छोटासा शिक्का दिसू लागला. चित्रकाराचं त्यात काहीही कमी झालं नाही.

आता जरा आपल्याकडे या. फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टवर चौघांची नावं, गाइडचं नाव, एच.ओ.डी.ची सही. आणि लेथवर तो शाफ्ट खरोखर मापात आणून देणारे वर्कशॉपमधले काका? सबमिशनच्या आदल्या दिवशी उशिरापर्यंत लॅब उघडी ठेवणारे असिस्टंट? त्यांच्यासाठी आभाराच्या पानावर एक ओळ, 'व इतर सर्व'. हे 'इतर सर्व' म्हणजे कोण, ते आपल्याला चांगलं माहीत असतं.

म्हणून एक साधी सूचना. यंदा रिपोर्ट बाइंडिंगला टाकण्याआधी ज्यांनी ज्यांनी हात लावला, त्यांचं पूर्ण नाव आणि नेमकं काम लिहा. पूर्ण नाव माहीत नसेल तर जाऊन विचारा. आणि सर, मॅडम, हे पान नसेल तर रिपोर्ट परत पाठवा.

खर्च शून्य. फार तर एक पान वाढेल.