समाजमाध्यमे आणि वैद्याचे अवधान

असात्म्येन्द्रियार्थसंयोग, प्रज्ञापराध आणि परिणाम ही रोगांची तीन कारणे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केली आहेत. त्यांपैकी पहिल्याचे विवरण करताना चरकाचार्यांनी अतितेजस्वी वस्तू फार वेळ पाहणे हा नेत्रांचा अतियोग सांगितला, तर अतिसमीपचे, भयंकर, बीभत्स वा विकृत रूप पाहणे हा मिथ्यायोग. अंधाऱ्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत भ्रमणध्वनी डोळ्यांसमोर धरून चाललेला व्यवहार या दोन्ही व्याख्यांत एकाच वेळी बसतो. तरीही आपल्या रुग्णपत्रिकेत आहार, निद्रा, मलप्रवृत्ती यांचे रकाने असतात आणि याचा रकाना सहसा नसतो.

रुग्णाला ‘फोन कमी पाहा’ एवढे सांगून आपली सुटका होणार नाही, कारण समोरचा प्रतिस्पर्धी फार तयारीचा आहे. माहिती विपुल झाली की अवधानाची टंचाई निर्माण होते, हे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडले होते. पुढे या टंचाईचाच व्यापार झाला. फेसबुक व इन्स्टाग्राम चालविणाऱ्या मेटा कंपनीचे जवळजवळ सर्व उत्पन्न जाहिरातींचे आहे; म्हणजे तिचा ग्राहक जाहिरातदार, आणि विकला जाणारा माल हा पाहणाऱ्याचा वेळ. कितीही सरकवले तरी न संपणारे पान एझा रॅस्किन या तंत्रज्ञाने २००६ मध्ये घडविले व नंतर त्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. पुस्तकातील प्रकरण संपते, वर्तमानपत्राचे पान संपते, आणि त्या जागी मन क्षणभर थांबून ‘पुरे’ म्हणू शकते. ती जागाच येथे काढून टाकण्यात आली आहे. शिवाय पुढचे दृश्य रुचेल की नाही हे अनिश्चित. बक्षीस केव्हा मिळेल हे ठाऊक नसले की प्राणी अधिक चिकाटीने प्रयत्न करीत राहतो, हे स्किनर यांच्या कबुतरांवरील प्रयोगांतून दिसलेच होते. नेटफ्लिक्सच्या प्रमुखांनी तर २०१७ मध्ये आपली स्पर्धा झोपेशी आहे असे सांगून टाकले. त्रयोपस्तंभांपैकी एकावर इतक्या प्रांजळपणे हक्क सांगितल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

मनाचे अणुत्व आणि एकत्व हे गुण आपल्याला मान्य असतील, तर एकाच वेळी दोन विषयांकडे पूर्ण अवधान देता येते हा आजचा समज आपण तरी स्वीकारता कामा नये. मन पुढे असल्याशिवाय इंद्रिये विषय ग्रहण करीत नाहीत. जेवताना ताटाशेजारी फोन असेल तर तन्मनस्क होऊन भोजन करण्याचा विधी मोडलाच. अशा रुग्णाच्या अग्निमांद्यासाठी आपण दीपन-पाचन देत राहतो, आणि हेतू मात्र ताटाशेजारी तसाच राहतो.

आता आपल्या घराकडे वळू. अनेक वैद्य अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती काढू लागले आहेत. लोकशिक्षणाला माझा विरोध नाही. परंतु अवधानाच्या या बाजारात पुढे जाते ते ठाम, आश्चर्यकारक आणि लहान. द्रव्याचे नाव त्यात मावते. प्रकृती, सार, सात्म्य, अग्निबल, मात्रा, काल, अनुपान यांतले काहीच मावत नाही, आणि आपले शास्त्र तर त्यातच आहे. करोनाच्या काळात गुळवेलीचे काय झाले ते आठवावे. घरोघरी, कोणाच्याही सल्ल्यावाचून, महिनोन्‌महिने काढे घेतले गेले. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांमधील यकृतविकारांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात, टिनोस्पोरा क्रिस्पा, वापरली गेली असण्याची शक्यता आयुष मंत्रालयाने तेव्हा दाखविली. वाद कोणत्याही बाजूने सुटो. द्रव्याची ओळख पटविणे, मात्रा ठरविणे, पूर्वीचा यकृतविकार विचारणे या तिन्ही गोष्टी फिरत्या संदेशातून गळून गेल्या होत्या, आणि बदनामी झाली ती गुळवेलीची.

औषधी दुकानदारांना याची झळ रोज पोहोचते. फोनवरील चित्र पुढे करून ‘हेच द्या’ म्हणणारा ग्राहक नाकारणे धंद्याच्या दृष्टीने अवघड असते, हे मी जाणतो. परंतु १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने ज्या विकारांवरील उपचारांची जाहिरात वर्ज्य ठरविली आहे, त्यांत मधुमेह आहे, कर्करोगही आहे. आणि ‘मधुमेह कायमचा घालवा’ अशी चित्रफीत काढणाऱ्याने ती आपल्याच दुकानासाठी काढली असेल तर कायद्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. एका गावाने मिळून ठरविले, त्यामुळे एकट्यादुकट्याच्या धृतीवर भार पडला नाही. आपल्या चिकित्सालयातही हे अवघड नाही. रुग्ण समोर असेपर्यंत वैद्याचा फोन खणात असावा. नाडीवर बोटे आणि नजर पडद्यावर, ही परीक्षा नव्हे. प्रतीक्षागृहातही तशीच विनंतीची पाटी लावावी. रुग्णपत्रिकेत निद्रेच्या रकान्याखाली आणखी एक ओळ वाढवावी: झोपण्यापूर्वी किती वेळ, आणि जेवताना पाहता का. नवीन रुग्णपत्रिका छापावयास देण्यापूर्वी संघटनेच्या कार्यकारिणीने या ओळीचा विचार करावा.