वीज-पाण्याचे बिल कुणाच्या माथी?

नोकरीनिमित्त कोल्हापूरहून बंगळूरला बिऱ्हाड नेलेले एखादे कुटुंब घ्या. पाण्याचे पैसे भाड्यातच धरायचे ठरले, करारपत्रावर सह्या झाल्या. पाच महिने सुखाचे गेले. सहाव्या महिन्यात घरमालक दारात उभे! "पुढच्या महिन्यापासून टँकरचे पैसे आणि पंपाचे वीजबिल तुम्ही भरायचे."

मालकांचीही अडचण असू शकते. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळूरच्या कूपनलिका आटल्या आणि टँकरचे दर इतके भडकले की प्रशासनाला ते ठरवून द्यावे लागले. एप्रिल २०२५ पासून पाणीपट्टीही वाढली. पण म्हणून ठरलेला व्यवहार एकट्याने बदलता येतो का?

नाही. भाडेकरू मात्र गप्प बसतो, कारण कित्येक महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मालकाच्या हाती असते. ती अडकली तर?

आधी करारपत्र काढून नीट वाचावे. कर्नाटकचा १९९९ चा भाडे कायदा बंगळूरमध्ये दरमहा ३,५०० रुपयांवरील भाड्याच्या घरांना लागू होत नाही. त्यामुळे बहुतेक घरांचा व्यवहार १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि करारपत्र यांवरच चालतो. १८७२ च्या करार कायद्यानुसार कराराच्या अटी बदलायला दोघांचीही संमती लागते. 'पाणी भाड्यात समाविष्ट' असे लिहिले असेल, तर मुदत संपेपर्यंत मालक वेगळे पैसे लादू शकत नाही. मात्र 'देखभालखर्च प्रत्यक्ष येईल तसा' असे कलम असेल, तर भाडेकरूने हिशेब मागावा आणि पैसे द्यावेत. अकरा महिने संपल्यावर मालक नव्या अटी घालू शकतो. त्या मान्य करायच्या की घर सोडायचे, हे भाडेकरूने ठरवावे.

विजेची गोष्ट आणखी वेगळी. कर्नाटकात २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'गृहज्योती' योजनेत पूर्वीच्या सरासरी वापरानुसार, जास्तीत जास्त २०० युनिटपर्यंत घरगुती वीज मोफत मिळते. भाडेकरूही करारपत्राच्या आधारे नाव नोंदवू शकतो. बिल शून्य रुपयांचे येत असताना कुणी विजेचे पैसे मागितले, तर "बिल दाखवा" म्हणायला संकोच नको.

वाद झाला म्हणून नळ किंवा वीज तोडली तर? दिवाणी न्यायालयाकडे मनाई हुकूम मागता येतो. वीज ही मूलभूत गरज आहे, मालक संमतिपत्र देत नाही एवढ्यावरून ती भाडेकरूला नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. महाराष्ट्रातल्या भाडेकरूंना तर भाडे नियंत्रण कायद्याच्या २९ व्या कलमाचे थेट संरक्षण आहे.

रागाच्या भरात भाडे मात्र थांबवू नये. तिथेच भाडेकरूची बाजू लंगडी पडते. ठरलेले भाडे वेळेवर बँकेतून द्यावे, नव्या मागणीला लेखी उत्तर द्यावे, पावत्या जपून ठेवाव्यात. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर मदत मिळते.

आणि पुढचे घर घेताना, पाणी, वीज, पंप, देखभाल यांचे पैसे कुणी द्यायचे, हे सहीआधीच कागदावर लिहून घ्यावे. तोंडी शब्द गोड असतो, पण न्यायालयात तो सिद्ध करणे अवघड जाते.