विश्लेषण : ‘थामा’तला वेताळ हसवतो, मग सातपुड्यात ‘डाकीण’ कोण ठरवते?

रक्त पिणाऱ्या वेताळांच्या टोळीतली तरुणी, तिच्या प्रेमात पडलेला पत्रकार आणि शेवटी त्याचाच झालेला वेताळ. गेल्या दिवाळीत, २१ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘थामा’ या हिंदी चित्रपटाने रक्तपिपासूची भीती हसण्यावारी नेली. जळगाव आणि धुळ्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र अशीच एक समजूत बाईला गावातून उठवू शकते. गोष्टीतला वेताळ आणि वस्तीतली डाकीण यांत फरक काय, याविषयी…

चित्रपटाचे कथानक काय?

‘झोंबिवली’ आणि ‘मुंज्या’नंतर मराठी दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांचा हा भयविनोदी चित्रपट. आयुष्मान खुरानाने साकारलेला आलोक जंगलात ताडकाला (रश्मिका मंदाना) भेटतो. ती वेताळ असते. पुढे अपघातात त्याचा जीव जाऊ लागतो, तेव्हा त्याला वाचवण्यासाठी ती त्यालाही वेताळ बनवते. वाढणारे सुळे, रक्ताची तहान आणि घरच्यांपासून लपवाछपवी यांतून विनोद घडतो. फाळणीतला हिंसाचार पाहून या वेताळांनी माणसाचे रक्त वर्ज्य केले, असेही कथानक सांगते. म्हणजे इथे माणूसच अधिक भयंकर ठरतो.

वेताळ म्हणजेच व्हॅम्पायर का?

तंतोतंत नाही. ‘वेताळ पंचविशी’तला वेताळ प्रेतात राहतो, विक्रम राजाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो आणि कोडी घालतो. या गोष्टी अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तही आहेत. महाराष्ट्र आणि गोव्यातील अनेक गावांत तर वेताळ हा राखणदार देव आहे. रिचर्ड बर्टन याने १८७० मध्ये या गोष्टी इंग्रजीत आणताना वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हटले. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ त्यानंतर २७ वर्षांनी, १८९७ मध्ये आली. ‘थामा’ याच जुन्या जोडणीवर उभा आहे.

खान्देशाचा संबंध कसा?

धुळ्यातील शिरपूर, जळगावातील चोपडा, यावल, रावेर आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबारमधील अक्कलकुवा, अक्राणी हे सातपुड्याचे तालुके. या पट्ट्यात डाकीण प्रथेविरोधात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अनेक वर्षे काम करत आहेत. डाकीण माणसाला आतून खाते, अशी समजूत असते. मूल आजारी पडते, गुरे मरतात, भगत एखाद्या बाईकडे बोट दाखवतो. अनेकदा ती विधवा किंवा एकटी असते. कधी मागे जमिनीचा वादही असतो. चित्रपटातल्या आलोकला निदान शक्ती मिळते आणि प्रेयसी सोबत राहते. डाकीण ठरवलेल्या बाईत काहीच बदललेले नसते. बदलते ती गावाची नजर. मग बहिष्कार, मारहाण, प्रसंगी खूनही.

कायदा काय सांगतो?

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर काही दिवसांतच राज्य सरकारने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई पसरते किंवा ती सैतान आहे असे जाहीर करणे, हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते ५० हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. म्हणजे मारहाण होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. ‘डाकीण’ ठरवले गेले त्या टप्प्यावरच पोलिसांकडे जाता येते. कायद्याचा रोख गोष्टींवर किंवा चित्रपटांवर नाही, माणसाला त्रास देणाऱ्या कृत्यांवर आहे.

मग रक्त खरेच कोण ‘पिते’?

सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणात आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि लवकर नष्ट होतात. मूल फिकट पडते, सांधे असह्य दुखतात, वारंवार ताप येतो. रक्त कमी होत जाणाऱ्या अशा मुलाच्या घरी भगत आधी पोहोचतो की आरोग्यसेविका, यावर शेजारच्या बाईचे भवितव्यही ठरू शकते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्न जुळवतानाच दोघांची रक्ततपासणी व्हावी, असा आरोग्य यंत्रणेचा आग्रह असतो.

पुढे काय?

केंद्राने १ जुलै २०२३ रोजी सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू केली. शून्य ते ४० वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीचा अहवाल घरोघरी पोहोचला आणि तो समजावून सांगणारे कोणी असले, तर भगताच्या शब्दाचे वजन कमी होईल. पोलीस ठाण्यात आलेली पहिली तक्रार ‘गावचा आपसातला विषय’ म्हणून परत पाठवली जाते की नोंदवली जाते, हेही तितकेच महत्त्वाचे. वेताळाच्या गोष्टीवर सातपुड्यातही हसता यावे, यासाठी ही दोन्ही कामे आधी व्हावी लागतील.