तीन वर्षांचे रविवार

मी मराठीचा प्राध्यापक. गणिताशी माझा संबंध वाण्याच्या बिलापुरता आणि उत्तरपत्रिकांवरील गुणांच्या बेरजेपुरता. तरीही यंदाच्या दिवाळीत वाचकांपुढे एक एकवीस आकडी संख्या ठेवतो:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

घाबरू नका. सदुसष्ट वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करावयाचा, उत्तरातून एक वजा करावयाचा, की ही स्वारी हजर! १६४४ साली मेर्सेन नावाच्या फ्रेंच साधूने ती मूळ संख्या असल्याचे छापून टाकले. म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही तिला निःशेष भाग जात नाही. (६१ च्या जागी ६७ असा हा मुद्रणदोष असावा, असाही एक तर्क आहे. मुद्रिते तपासण्यात ज्यांची हयात गेली त्यांना तो सहज पटेल.)

१८७६ साली ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केले की ही संख्या मूळ नव्हे. गंमत अशी की, तिचे अवयव कोणते हे मात्र त्यालाही सांगता आले नाही. लाडवांचा डबा हलका झाला आहे एवढे गृहिणीला हाताला कळते. लाडू कोणाच्या पोटात गेले याचा तपास निराळा!

तो तपास लावला कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा होती. ई. टी. बेल यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे कोल उठले, फळ्यापाशी गेले, दोनांचा तो गुणाकार करून एक वजा केला. मग दुसरीकडे मांडले: १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. हातचे धरीत तोही पुरा केला. दोन्ही उत्तरे एक! चकार शब्द न काढता ते जागेवर जाऊन बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रश्न कोणी विचारला नाही. तासभर घसा फोडणाऱ्या आम्हा मंडळींना याचा हेवा वाटल्यावाचून राहत नाही.

गुणाकार पडताळणे हे शाळकरी पोराचे काम. शोधणे भयंकर! या संख्येच्या अवयवाला १३४ ने भागले तर बाकी १ उरलीच पाहिजे, एवढा सुगावा होता. पण तेवढ्यावर विसंबले तर पहिल्या अवयवापर्यंतच संशयित चौदा लाखांवर. कोलनी आणखी बारीक चाळण्या लावल्या. किती वेळ लागला, असे बेलनी १९११ मध्ये विचारले. उत्तर मिळाले, तीन वर्षांचे रविवार.

आज हे काम संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करतो. मला मात्र ते दीडशेवर रविवार सुटत नाहीत. ना बढती, ना पैसा. कोणाच्या पोटापाण्याला त्या अवयवांचा काडीचा उपयोग नव्हता. सौभाग्यवतींना हे सांगितले, तर त्यांनी एवढेच विचारले, “आणि रविवारची भाजी कोण आणीत असे?”

फराळानंतर कोणास सवड असेल तर निदान शेवटचे तीन तीन आकडे गुणून पाहा. ७२१ गुणिले २८७ म्हणजे २,०६,९२७. शेवटी ९२७ बरोबर आले. पुढच्यासाठी कागद आडवा धरावा लागेल.